कल्पाच्या त्या सकाळी गाडी नेमकी का बंद पडली? (आणि थंडीतल्या रस्त्यांच्या इतर आठवणी)

मागचा बाक
परवा बॅच भेटली तेव्हा पुन्हा तोच वाद निघाला आणि पुन्हा अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतोय. शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात आपण सिमल्याहून सतलजच्या कडेकडेनं किन्नौरला गेलो होतो. रेकाँग पिओच्या वर कल्पाला मुक्काम. सकाळी गाडीनं दगा दिला आणि दुपारपर्यंत आपण तिथेच. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र जितकी तोंडं तितक्या कथा. टॉर्क म्हणतो बॅटरी मेली होती. मावशी म्हणते डिझेल गोठलं होतं. थंडोबाला फक्त धक्का मारलेला आठवतो. माझ्या डोळ्यांसमोर टाकीखाली पेटवलेला जाळ आहे.

ज्याला जे आठवतंय ते लिहा. थंडीतल्या प्रवासाचं आणखी काही साचलं असेल तर तेही येऊ द्या. त्या ट्रिपला नव्हते त्यांनाही बंदी नाही.

टॉर्क
बॅटरी. यात वाद कसला?

गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्याखाली तिची जोर लावायची ताकद चांगलीच घटते आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे स्टार्टरला एरवीपेक्षा जास्त जोर हवा असतो. दोन्हीकडून मार. त्यात आपली जीप भाड्याची, बॅटरी कुठल्या जमान्यातली होती देव जाणे. आणि रात्री गाडीत टेप लावून कोण बसलं होतं ते मी सांगत नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर आतलं आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही. पण ती पार उतरलेली असेल तर आत जवळजवळ पाणीच उरतं, आणि ते शून्याच्या थोडं खाली गेलं तरी गोठतं. बॅटरीचा डबा तडकतो. स्टार्टरचा तो दमलेला आवाज मला अजून ऐकू येतो. केस बंद.

मावशी
टॉर्क, तो दमलेला आवाज तू ऐकलास तेव्हा नऊ वाजून गेले होते. तोवर तू रजईत होतास. मी अंधारातच उठून बाहेर आले होते, किन्नर कैलासवर ऊन पडताना बघायचं म्हणून. त्यामुळे सकाळचा पहिला अंक मी पाहिलाय, तू नाही.

ड्रायव्हरकाकांनी फिल्टर खोलून दाखवला होता. आत पांढुरका साका. बोटावर घेतला तर मेणचट लागत होता. ते बघून काका एवढंच म्हणाले की तेल खालचं आहे. मला तेव्हा काही कळलं नाही, पण तो पांढरा साका मी स्वप्नात पाहिलेला नाही.

थंडोबा
मला धक्का आठवतो आणि धक्का खरा होता, कारण माझा बूट त्या बर्फात फाटला. कारण काय होतं ते तुम्ही अभियंते ठरवा. (मीही तुमच्याच वर्गात होतो हे मला ठाऊक आहे.)

मला त्या ट्रिपमधून कल्पापेक्षा रस्ता जास्त आठवतो. ठियोगच्या पुढे नारकंड्याकडे चढताना सावलीतल्या वळणांवर काकांनी गाडी अगदी चालण्याच्या वेगावर आणली होती. आम्ही मागून ओरडत होतो की रस्ता तर कोरडा दिसतोय, चला की. काका म्हणाले, पाला आहे (त्यांचा हिंदी शब्द, आपला झाडाचा पाला नव्हे). पुढच्याच वळणावर एक ट्रक आडवा झालेला दिसला आणि सगळे गप्प.

नंतर नारकंड्याहून खाली उतरलो ते थेट सतलजच्या पात्राजवळ. रामपूरला स्वेटर काढले होते आपण! आणि संध्याकाळी कल्पाला पुन्हा दात वाजत होते. एकाच दिवसात असे दोन हिवाळे मी नंतर कुठेच पाहिले नाहीत. तरंड्याच्या कड्यात कोरलेला तो रस्ता, डोक्यावर खडक आणि डावीउजवीकडे बघायचं धाडस नाही. तिथे टेपसुद्धा बंद केला होता.

चौकोनी चष्मा
उशिरा आलो, पण माझ्या पोटापाण्याचा विषय निघालाय तर राहवत नाही.

डिझेल पाण्यासारखं एका झटक्यात गोठत नाही. त्यात मेणाचा अंश असतो. तापमान उतरलं की आधी ते मेण बारीक कणांच्या रूपात वेगळं होतं आणि डिझेल गढूळ दिसायला लागतं. तेव्हाही ते टाकीत छान हिंदकळत असतं, ओतलं तर वाहतं. अडचण फिल्टरला येते. मेणाचे कण जाळीवर बसतात आणि इंजिनाचा घसा आवळला जातो. म्हणून डिझेलची परीक्षा घेताना ते कुठल्या तापमानापर्यंत फिल्टरमधून जातं ते बघतात. आपल्याकडच्या मानकात हिवाळी डिझेलसाठी ही मर्यादा ६ अंश आहे आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश. मैदानात राहणाऱ्याला तेवढं पुरतं. उणे सातआठ अंशांच्या रात्रीला ते कुठून पुरणार?

आता सांगा, आपण टाकी कुठे फुल्ल केली होती?

मावशी
अंबाल्याजवळ. पुढे पंप कमी आहेत म्हणून. काकांचा विचार होता वर पोचेपर्यंत अर्धी संपवून वरचं तेल भरायचा, पण पिओच्या पंपावर रांग होती आणि आपल्यातल्याच काही लोकांना कल्पाचा सूर्यास्त हवा होता.

चौकोनी चष्मा
म्हणजे काका बरोबर बोलले. तेल "खालचं" होतं. मैदानातलं.

लडाखमध्ये हा प्रश्न इतका जुना होता की ट्रकवाले टाकीखाली शेकोटी करायचे, डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, नाहीतर रात्रभर इंजिन चालूच ठेवायचे. तिन्ही उपाय वाईट. रॉकेलनं मेण उशिरा धरतं हे खरं, पण पंपाला लागणारं वंगण कमी होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं आणि पानिपतच्या रिफायनरीत बनतं. आमच्या धंद्यात ही मोठी बातमी होती. बाहेर कुणाला त्याचं काही वाटलं नाही, आणि ते योग्यच आहे. गाडी चालू झाली की तेलाचा विचार कोण करतो?

बर्फाळ
मी त्या ट्रिपला नव्हतो (एटीकेटी, म्हणजे मागे राहिलेले पेपर, नको तो विषय), पण थंडीतला रस्ता म्हटलं की माझ्याकडेही माल आहे.

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आम्ही काही जण वायोमिंगमधून आय-८० या महामार्गानं चाललो होतो. लॅरामी ते रॉलिन्स हा तुकडा. आकाश निळंशार, हिमवर्षाव नाही, अंदाजातही नाही. आणि तरीही समोरचं काही दिसेना. वारा रस्त्याच्या बाजूचं आधीच पडलेलं हिम उचलून आडवं फेकत होता. बोनेटच्या वर ऊन, बोनेटच्या खाली पांढरा पूर. डांबर अजिबात दिसत नव्हतं आणि वर मात्र एल्क माउंटन स्वच्छ. मला वाटायला लागलं की गाडी उभी आहे आणि रस्ताच आडवा सरकतोय. मी ब्रेक दाबणार तेवढ्यात शेजारचा ओरडला की थांबू नकोस, मागे ट्रक आहे.

नंतर वाचलं तर कळलं की जुना रस्ता डोंगराला उत्तरेकडून वळसा घालून मेडिसिन बो गावावरून जायचा. नवा महामार्ग अंतर वाचवायला डोंगराच्या अंगाखालून काढला, थेट वाऱ्याच्या तोंडात. १९७० च्या ऑक्टोबरात तो उघडला आणि काही दिवसांतच वादळानं बंद पडला. आजही हिवाळ्यात तो वरचेवर बंद होतो. रेल्वेच्या फाटकासारखी फाटकं आहेत हायवेवर! दिवा लुकलुकायला लागला की फाटक खाली, आणि तुम्ही जिथे असाल त्या गावात मुक्काम. रस्त्यापासून थोडं लांब, वाऱ्याच्या बाजूला, लाकडी पट्ट्यांची उंच कुंपणं ओळीनं उभी असतात. मला आधी वाटलं गुरांसाठी असतील. ती हिम अडवायला असतात. पट्ट्यांमधल्या फटींतून वारा जातो, त्याचा वेग पडतो आणि हिम कुंपणामागेच ढीग होऊन बसतं, रस्त्यावर येत नाही. भरीव भिंत बांधली असती तर उलट लवकर भरून गेली असती. इतकं साधं आणि इतकं हुशार काम मी अभियांत्रिकीच्या चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

टॉर्क
चार?

बर्फाळ
गप रे.

थंडोबा
बर्फाळ, तो "पाला" म्हणजे तुमच्याकडचं ब्लॅक आइसच ना? मला आजही कळत नाही की काकांना ते दिसलं कसं.

बर्फाळ
तेच. आणि दिसत नाही हीच त्याची गंमत. पातळ, पारदर्शक थर असतो, खालचं डांबरच दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. जुने ड्रायव्हर थर बघत नाहीत, जागा बघतात. डोंगराची उत्तरेकडची सावली, झाडांखालचं वळण, झरा रस्त्यावरून वाहतो ती जागा, आणि पूल. पूल आधी गोठतो कारण त्याला खालूनही गार वारा लागतो. बाकी रस्त्याला जमिनीची ऊब असते. आणखी एक खूण: समोरच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडायचं थांबलं, पण रस्ता ओलाच दिसतोय, तर समजायचं.

त्यावर गेलात की ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगला झटकाही नाही. अॅक्सिलरेटर हळूच सोडायचा आणि गाडीला आपली जाऊ द्यायची. बोलायला सोपं आहे. पाय आपोआप ब्रेककडेच जातो.

द्राक्षबाग
मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलो, त्यामुळे तुमच्या टोळीत शेवटपर्यंत अर्धाच होतो. पण थंडी म्हणजे हिमालय किंवा अमेरिका असं जे चाललंय ना, त्याला माझी हरकत आहे.

निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पहाटे मोटरसायकल चालवून बघा. पारा चारपाच अंशांवर येतो आणि वर गाडीच्या वेगाचा वारा. बोटं क्लचवर आहेत की नाहीत ते कळत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागांमधून धूर दिसतो, शेतकरी रात्रभर शेकोट्या करून बसलेले असतात, कारण या दिवसांत मणी तडकले तर वर्ष गेलं. शिवाय कोणी ठिबक चालू ठेवतं, मुळांना जरा ऊब राहावी म्हणून. रस्त्यानं जाताना तो धूर जमिनीपासून थोडा वर जातो आणि तिथेच आडवा पसरतो, वर चढतच नाही.

चौकोनी चष्मा
चढणार कसा? वर हवा उबदार आणि खाली गार, असं उलटं झालेलं असतं त्या वेळी. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि खालीच बसते. ढग असले तर हे होत नाही. म्हणून उत्तरेत पश्चिमी झंझावात येतो तेव्हा आपल्याकडे आधी ढगाळ होऊन थंडी पळते, आणि तो सरकून आकाश मोकळं झालं, वारं उत्तरेचं झालं की दोनतीन दिवसांत हुडहुडी भरते.

द्राक्षबाग
हो, आमच्याकडे ढग आले की थंडी गेली म्हणून हायसं वाटतं आणि लगेच भुरी रोगाची काळजी सुरू. सुख नाहीच.

महाबळेश्वरचं सांगायचं राहिलं. कॉलेज सुटल्यावर एका जानेवारीत पसरणी घाट चढून पहाटे वेण्णा तलावाशी पोचलो. गवतावर, पानांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर. लोक फोटो काढत होते, महाबळेश्वरला बर्फ पडला म्हणून. आणि त्या दिवशीच्या बातमीत तिथलं किमान तापमान चांगलं सातआठ अंश दिलेलं. तेव्हापासून डोक्यात आहे की दोघांतलं खोटं कोण?

चौकोनी चष्मा
कुणीच नाही. पडला काही नव्हता, दव जागच्या जागी गोठलं होतं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो, तोही टेकडीवर. गवताचं पातं त्याच रात्री त्या तापमापकापेक्षा काही अंश गार असू शकतं. त्यात वेण्णा तलाव आणि लिंगमळा हा भाग खोलगट. आजूबाजूच्या उतारांवरची गार, जड हवा घरंगळत तिथे येऊन साचते. म्हणून तलावाकाठी हिमकण आणि गावात नुसती कुडकुड.

मागचा बाक
धागा मस्त चाललाय, पण खटला विसरू नका.

टॉर्क
खटला विसरलो नाही, पण त्याआधी टायर. त्या ट्रिपला निघताना मी काकांना सांगत होतो की वर चाललोय, उंचीवर हवा वाढते, दोन पौंड कमी भरा. तुम्ही सगळे हसला होता.

उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे गेजवर टायरचा दाब वाढलेला दिसतो. कल्पाच्या उंचीवर चारेक पौंड. उलट थंडीनं दाब उतरतो. मैदानात वीस अंशांना ३२ पौंड भरली असेल तर उणे दहाला पाचेक पौंड जातात. म्हणजे जवळजवळ फिटंफाट. काका म्हणाले होते, "कुछ नहीं करना है साहब." आता गणित मांडलं तर त्यांचंच बरोबर येतं, पण त्यांनी गणित केलं नव्हतं, त्यामुळे मी ते धरत नाही.

मावशी
हे फार टॉर्कसारखं झालं.

मी आता बरीच वर्षं दिल्लीत आहे, तर धुक्याबद्दल लिहिते. बर्फाची भीती घालणाऱ्यांनी यमुना एक्स्प्रेसवेवर जानेवारीच्या पहाटे एकदा यावं. १६५ किलोमीटरचा सरळ, गुळगुळीत रस्ता, शेतांच्या मधून. पाऊस होऊन गेलेला असतो, जमीन ओली असते, वारा पडलेला असतो, आणि मध्यरात्रीनंतर सगळं मैदान भरून जातं. सकाळी सहाच्या सुमारास सर्वांत वाईट. नऊदहाशिवाय उठत नाही. हवामान खातं ५० मीटरच्या आतलं दिसत नसेल तर अतिदाट धुकं म्हणतं. ५० मीटर ऐकायला बरे वाटतात. ताशी ६० च्या वेगात ते तीन सेकंदांत संपतात, आणि ६० च्या वेगातली गाडी थांबायला माणसाचा दचकण्याचा वेळ धरून जवळजवळ तेवढंच अंतर लागतं. आणि तिथे ६० नं कोण चालवतं? हिवाळ्यात वेगमर्यादा उतरवतात, फलक लागतात, गाड्या आपल्या धावतच असतात.

एकदा आग्र्याहून परत येताना मी त्यात सापडले. भावाची मुलं मागे झोपलेली. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण सगळा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. लो बीम आणि फॉग लाइट, बस. काच आतून धरत होती, म्हणून एसी चालू ठेवून हवा गरम केली, बाहेरची हवा आत घेतली. लोक एसी म्हणजे गारवा समजतात, पण तो हवेतली ओल काढतो आणि काचेला तेच हवं असतं. रीसर्क्युलेशनचं बटण दाबलं तर आपल्याच श्वासांनी काच पुन्हा भरते. खिडकी बोटभर उघडी ठेवली, कारण दिसत नसेल तिथे ऐकू तरी यावं. डावीकडची पांढरी रेघ धरून चालले होते. मग समोर चारही इंडिकेटर लुकलुकणारी एक गाडी. चालत्ये की उभी आहे काही कळेना. लोक धुक्यात ते दिवे लावून चालवतात हा मला त्या रस्त्यावरचा सर्वांत मूर्ख प्रकार वाटतो. उभ्या गाडीची खूण चालत्या गाडीनं वापरली तर मागच्यानं काय समजायचं? आणि मग तिचा इंडिकेटर तरी कसा ओळखायचा?

पहिला मिळाला तो एक्झिट घेऊन खाली उतरले आणि एका टोल प्लाझाच्या आवारात, रस्त्यापासून अगदी आत, ऊन येईपर्यंत बसून राहिले. एक्स्प्रेसवेवर कडेला थांबायचं नाही, मरायचा तोच खात्रीचा मार्ग. मागून येणारा तुमचे टेललाइट बघून त्यांच्याच मागे येतो.

मागचा बाक
मावशी म्हणजे मावशी. हिचं "मावशी" नाव कल्पालाच पडलं, नवीन मंडळींना माहीत नसेल. त्या रात्री खोलीत लॉजवाल्यानं कोळशाची शेगडी आणून ठेवली होती. आम्ही सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून तिच्याभोवती अंथरूण टाकलं. ही बया आली, शेगडी उचलायला लावून बाहेर काढली आणि वर खिडकीची फट उघडी ठेवली. बाहेर उणे. आम्ही काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

कोळसा बंद खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच जातो, हे मला पुढे नोकरीत सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेताना कळलं. बर्फात अडकलेल्या गाडीचंही तेच. हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं आणि बाहेर बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजायचं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमधून वीसहून जास्त माणसं दगावली, तेव्हा थंडीबरोबर या वायूचंही नाव पुढे आलं होतं. अडकलातच तर अधूनमधून उतरून सायलेन्सरभोवतीचं बर्फ काढायचं, इंजिन थोडा वेळच चालवायचं, वाऱ्याच्या उलट बाजूची काच जराशी खाली ठेवायची.

मावशी
लॉजवाल्याच्या बायकोनं सांगितलं होतं मला. स्वयंपाकघरात बसले होते तेव्हा. मला कुठे काय माहीत होतं!

थंडोबा
मी मध्ये मनालीला जाऊन आलो, मुलांना घेऊन. रोहतांगच्या पोटातून अटल बोगदा झालाय, ३ ऑक्टोबर २०२० ला उघडला, ९.०२ किलोमीटर. आपल्या वेळी नोव्हेंबर संपला की ३९७८ मीटरवरची खिंड बंद आणि लाहौल पुढचे पाचसहा महिने जगापासून तुटलेलं. आता सोलंगच्या वर बोगद्यात शिरायचं आणि पंधरा मिनिटांत सिस्सूला बाहेर. तिकडे लडाखच्या वाटेवर जोझिलाचंही तसंच. अर्धं वर्ष बंद राहणारी खिंड २०२५ मध्ये ३२ दिवसांत पुन्हा उघडली, आणि खालून बोगदा होतोय तो वेगळाच.

मुलं म्हणाली, बाबा, घाट कुठाय? मला उगाच हळहळ वाटली. मग सिस्सूत एका म्हाताऱ्याशी गप्पा झाल्या. पूर्वी हिवाळ्यात बाळंतीण अडली तर हेलिकॉप्टरची वाट बघायची आणि हवामान खराब असलं की तेही नाही. त्यानंतर हळहळ आवरली. पर्यटकांना घाट हवा असतो, राहणाऱ्यांना रस्ता हवा असतो.

मात्र आता बोगद्याच्या पलीकडे जानेवारीत शेकडो गाड्या साध्या टायरवर येतात. बर्फ सुरू झालं की सगळ्या एकदम परत फिरतात आणि तोंडाशी रांगा लागतात. पोलिस साखळ्या लावल्याशिवाय सोडत नाहीत, आणि साखळ्या पुढच्या चाकांना लावायच्या की मागच्या यावर रस्त्यात परिसंवाद. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांना लावायच्या! एक जण फ्रंट व्हील गाडीच्या मागच्या चाकांना लावून रेस करत होता.

चौकोनी चष्मा
बरं, आता निकाल. मावशी, तीन प्रश्न. सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा स्टार्टर कसा फिरला? इंजिन लागलं का? लागलं असेल तर किती वेळानं बंद पडलं?

मावशी
पहिल्याच झटक्यात लागलं. मला पक्कं आठवतंय कारण त्या आवाजानं समोरच्या देवदारावरचे पक्षी उडाले. काकांनी गाडी गरम होऊ दिली, मग वळवून घ्यायला थोडी पुढे नेली, तर चढावर आचके द्यायला लागली आणि बंद. पाचेक मिनिटं चालली असेल.

चौकोनी चष्मा
मग बॅटरी तेव्हा ठणठणीत होती. फिल्टरमध्ये आणि नळीत आधीपासून असलेल्या तेलावर गाडी चालली, टाकीतून मेण यायला लागल्यावर गुदमरली. थंडीत डिझेल धरल्याची अगदी पुस्तकी खूण आहे ही. चालू होते आणि मरते.

टॉर्क
आणि मी ऐकलेला आवाज?

मागचा बाक
मला आता आठवतंय. बंद पडल्यावर काका तासभर सेल्फ मारत होते. आम्हीही आळीपाळीनं मारला. बॅटरी आपणच संपवली.

टॉर्क
म्हणजे बॅटरी मेली होती! मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

थंडोबा
वा रे वा. बायपासच्या पेशंटला ट्रकखाली घालायचं आणि म्हणायचं अपघातानं गेला.

मग क्रम असा लागतो. गाडी लागली, गुदमरली, सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली. मग टाकीखाली जाळ (हे कुणी घरी करू नये), फिल्टरवर फडकं गुंडाळून गरम पाणी, तोवर ऊन आलं, आणि शेवटी पिओच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का. त्यात माझा बूट गेला. जमतंय?

मावशी
जमतंय. फक्त गरम पाण्याच्या बादल्या कुणी वाहिल्या तेही लिही.

थंडोबा
मावशी आणि लॉजवाल्याची बायको. टॉर्क बॅटरीकडे बघत उभा होता.

बर्फाळ
मी जानेवारीत तीन आठवडे भारतात आहे. ज्या ट्रिपला मी नव्हतो तिच्यावर इतकं वाचल्यावर आता ती झालीच पाहिजे. स्पिती करूया का? काझापर्यंत?

मागचा बाक
मनालीकडून नाही होणार, कुंझुमची खिंड बंद असते. किन्नौरकडून मात्र रस्ता हिवाळ्यातही बहुतेक चालू ठेवतात. पिओ, खाब, नाको, मग काझा. मलिंग नाल्यापाशी दरड आली तर मात्र बसा तिथेच. हाताशी मोकळे दिवस ठेवायचे आणि झंझावाताचा अंदाज बघून निघायचं.

चौकोनी चष्मा
टाकी अंबाल्याला भरायची नाही. पिओपर्यंत जेमतेम पोचेल एवढंच तेल, तिथे वरचं. कूलंटमध्ये नुसतं पाणी नको, निम्मं ग्लायकॉल. रात्री हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड. वायपर काचेवरून उचलून ठेवायचे.

द्राक्षबाग
या वेळी मला पण घ्या. बागेची छाटणी आणि काढणी यांच्या मधले दिवस असले पाहिजेत, तेवढं बघा.

मावशी
येते. अट एकच. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, कितीही जवळ आलं असलं तरी. ज्याची हरकत असेल त्यानं आत्ताच सांगावं.

टॉर्क
हरकत आहे.